संग्रहालयातलं गाऱ्हाणं

सर्वण, डिचोली
२० जानेवारी १९८८

ती. आत्यास,
वर्षाचा शिरसाष्टांग नमस्कार.

प्रमोददादाचं कार्ड मिळालं. बाळ-बाळंतीण खुशाल असल्याचं वाचून सगळ्यांना बरं वाटलं. सेजलवहिनीला मेथीचे लाडू तू सक्तीने खायला घालत असशील, तिची मला दया येते. तू दुकान बंद करून दिल्लीला गेल्यापासून धारगळच्या हमरस्त्यावर ट्रकवाले शहाळी कुठे पितात, असं बाबा परवा विचारत होते.

मी रोज सुर्ल्याला खाणीच्या ऑफिसात जाते आणि टाईप करते. गोवा राज्य होऊन आठ महिने होत आले, पण आमचा जुना छापील कागद संपलेला नाही. त्यामुळे प्रत्येक पत्रावर ‘केंद्रशासित प्रदेश’ या शब्दांवर एक्स एक्स एक्स मारायचं आणि वर ‘राज्य’ लिहायचं, हे एक वाढीव काम झालं आहे. टाईपरायटरला माझ्या बोलण्याची अडचण नसते, म्हणून मला ते काम आवडतं.

आता खरं कारण लिहिते. श्रीनाथ मांद्रेकरांशी माझं लग्न ठरलं तेव्हा धारगळला सुतक होतं, म्हणून तू त्यांना पाहिलेलं नाहीस. ते पेडण्याकडचे, पार्शाचे. इंडिया गेटच्या मैदानाच्या कडेला एक संग्रहालय आहे, तिथे ते ऑफिसर आहेत असं कृष्णनाथकाकांनी सांगितलं. हे स्थळ त्यांनीच आणलं. पाहण्याच्या दिवशी मी तोंड उघडायचं नाही, असं बाबांनी मला आदल्या दिवशीच बजावलं होतं. मी चहा ठेवला, नमस्कार केला आणि आत गेले. मला विचारलेल्या प्रश्नांना बाबांनी उत्तरं दिली. त्यांना विचारलेल्या प्रश्नांना त्यांच्या मामांनी दिली.

मी अडखळत बोलते हे त्यांना कोणीही सांगितलेलं नाही. म्हापशाचं स्थळ कशावरून मोडलं ते तू जाणतेस. बाबा म्हणतात, लग्नानंतर कळेलच. आत्या, मला त्या ‘कळेलच’ची भीती वाटते. वैशाखात लग्न झालं की दिल्लीत एका खोलीत मी आणि ते, आणि माझ्या वतीने बोलायला बाबा नाहीत. पहिल्याच सकाळी त्यांना कळणार.

तू तिथे आहेस तर एकदा जाऊन त्यांना पाहून ये. ओळख देऊ नकोस. गाडीतून उतरणारं माणूस कसं आहे ते तू शहाळं सोलून होईपर्यंत ओळखतेस, असं तूच सांगत असतेस. ते कसे वाटतात ते कळव. मग त्यांना सांगायचं की नाही ते मी ठरवीन. तू मात्र काही सांगू नकोस, तुला माझी शपथ आहे. सोबत फोटो पाठवत आहे. सांभाळून परत आण.

तुझी,
वर्षा


सरोजिनी नगर, नवी दिल्ली
१ फेब्रुवारी १९८८

चि. वर्षा हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. शपथ घालायची गरज नव्हती, मी काही गावभर दवंडी पिटत नाही. फोटो पाहिला. कोट चांगला आहे, नाक बरं आहे, केस जरा जास्त चोपडले आहेत. कोटातल्या माणसाबद्दल फोटोवरून काही कळत नाही, शहाळं त्याच्या हातात द्यावं लागतं.

काल रविवार म्हणून प्रमोद मला इंडिया गेटला घेऊन गेला. बाई गं, केवढं ते मैदान. आपल्या सर्वणची सगळी शेतं त्यात पेरली तरी गुरांना चरायला जागा उरेल. आणि त्यात पीक काय, तर हिरवळ. अर्धी दिल्ली उन्हात पथाऱ्या पसरून शेंगा खात होती. मधोमध तो दरवाजा, त्याच्यावर लढाईत गेलेल्या शिपायांची नावं कोरलेली, खाली ज्योत. मी मान वर करकरून नावं वाचली, मान आखडली. एवढी माणसं कोणाच्या ना कोणाच्या घरची होती, असं मनात आलं आणि मग शेंगा खाववेनात.

त्याच्या मागे एक दगडी घुमटी आहे, उंच, चांगली बांधलेली. आणि आत देव नाही. मी प्रमोदला विचारलं, देव कुठे हलवला? तो म्हणाला, आई, इथे देव नव्हता, इंग्रजांचा राजा होता, त्याला काढला. बरं, काढला तर काढला, तिथे दुसरं काही बसवायला नको? आपल्याकडे घुमटी अशी रिकामी ठेवली असती तर गावकीची किती भांडणं झाली असती.

शेजारी एका बाईने विचारलं, कुठून आलात? म्हटलं, गोवा. ती म्हणाली, वहां तो अंग्रेज़ रहते हैं ना? मी तिला पोर्तुगीज, मुक्ती, राज्य, सगळं समजावलं. माझं हिंदी ऐकून तिची खात्रीच पटली असावी की मी अंग्रेज़ आहे.

आता तुझ्या कामाचं. आम्ही संग्रहालयात गेलो. प्रमोदने तिकीट काढलं, मी खिडकीवर जाऊन विचारलं, श्रीनाथ मांद्रेकर ऑफिसर कुठे बसतात? खिडकीतल्या माणसाने दोन वह्या चाळल्या आणि सांगितलं की या नावाचा इथे कोणी ऑफिसर नाही. पुन्हा विचारलं तर खिडकी लावली.

वर्षा, घाबरू नकोस. खिडकीतली माणसं कुठेही तशीच असतात. मी पुन्हा जाईन, आणि एकटी जाईन. प्रमोद बरोबर असला की घाई करतो, त्याला दगडाच्या मूर्ती म्हणजे दगडच वाटतात.

आणि सांगायचं की नाही, हे मला विचारशील तर नाही सांगायचं. लग्न झालेल्या किती बायकांना बोलायला मिळतं?

तुझी,
आत्या


सर्वण
८ फेब्रुवारी १९८८

ती. आत्यास सा. न.

पत्र वाचून हसले आणि मग दोन दिवस जेवण गेलं नाही. या नावाचा ऑफिसर नाही म्हणजे काय? बाबांना सांगितलं नाही. ते वाड्यावर सगळ्यांना ‘जावई सेंट्रल गव्हर्नमेंटात’ म्हणून सांगत फिरत आहेत. कृष्णनाथकाकांना विचारलं असतं, पण त्यांच्यासमोर माझं एक वाक्य पुरं व्हायला त्यांच्या दोन विड्या लागतात.

मी सगळ्या बाजूंनी विचार केला. ते तिथे नसतील तर फसवणूक आहे. आणि असतील तर मीही त्यांना फसवतच आहे. आत्या, हे मी कोणाला बोललेले नाही. मला रात्रंदिवस भीती त्यांच्या खोटेपणाची नाही वाटत, माझ्या खोटेपणाची वाटते. ते खोटे निघाले तर मी सुटले असं मला वाटेल की काय, याचीही लाज वाटते.

तू लिहिलंस की लग्न झालेल्या बायकांना बोलायला मिळत नाही. तुला मिळतं की. आतोबा होते तेव्हा त्यांनाच मिळत नव्हतं.

तू पुन्हा जाणार आहेस ना? लवकर जा. आणि जे असेल ते मला सगळं लिही. वाईट असलं तरी लिही.

वर्षा


सरोजिनी नगर
१७ फेब्रुवारी १९८८

चि. वर्षा हिस आशीर्वाद.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. काल मी जाऊन आले. संग्रहालय मोठं आहे. खूप वस्तू आहेत. थंडी अजून आहे. बाळ आता मान धरू लागलं आहे. इथे फ्लॉवर फार चांगला मिळतो, आपल्याकडे एवढा पांढरा पाहायला मिळत नाही.

तुझं ते माणूस तिथे आहे. बाकी नंतर लिहीन.

तुझ्या बाबाला, सगुणला, नमस्कार सांग. त्याला खोकला आहे का ते कळव.

आत्या


सर्वण
२३ फेब्रुवारी १९८८

ती. आत्यास,

तुझं पत्र मिळालं. तू मला जन्मल्यापासून ओळखतेस आणि मीही तुला तितकीच वर्षं ओळखते. तू जेव्हा भाजीबद्दल लिहितेस तेव्हा काय झालं असेल ते मला कळतं.

ते माणूस तिथे आहे, एवढं लिहून तू पुढे काही लिहिलं नाहीस. म्हणजे एकतर ते चांगलं नाही, किंवा त्यांना माझ्याबद्दल कळलं आणि त्यांनी तोंड फिरवलं. यातलं कुठलं ते तू लिहू शकली नाहीस म्हणजे दुसरं असणार. तू सांगितलंस का, हे मी विचारत नाही. कळायचंच होतं.

मी आता ठरवलं आहे. शिगमो झाला की मी बाबांना नकार कळवायला सांगणार. त्यांच्याकडून नकार येण्यापेक्षा आपल्याकडून गेलेला बरा. बाबांना वाईट वाटेल, पण म्हापशाच्या वेळेइतकं नाही. मला खाणीतली नोकरी आहे. टाईपरायटर आहे. माझं ठीक चालेल.

तुला त्रास दिला त्याबद्दल माफ कर. फोटो परत आणायची गरज नाही.

वर्षा


सरोजिनी नगर
२८ फेब्रुवारी १९८८

चि. वर्षा,

आशीर्वाद नंतर देते. काल येऊन पडलेलं तुझं पत्र आज सकाळी हाती आलं आणि मी प्रमोदला चहाही न देता तार करायला पाठवलं. ‘नकार कळवू नको, पत्र येते आहे.’ ती तुला मिळालीच असेल. हे ते पत्र. दम धरून वाच, आणि आत घातलेला दुसरा लिफाफा हे वाचून होईपर्यंत फोडू नकोस.

मी तुझ्यापासून लपवलं, कारण मला लाज वाटत होती आणि मी कोणाला तरी शब्द दिला होता. लाजेचं आधी सांगते.

त्या मंगळवारी मी एकटी बसने गेले. मैदानात उतरले तेव्हा नऊसुद्धा वाजले नव्हते. संग्रहालय दहाला उघडतं, म्हणून मी हिरवळीवर फिरत बसले. माळी नव्हता असं पाहून मी एका ताटव्यातली गुलाबाची एक पाकळी घेतली आणि रुमालात बांधली. का घेतली ते तेव्हा माझं मलाच ठाऊक नव्हतं, किंवा होतं.

आत गेल्यावर मी कोट शोधत फिरले. कोट घातलेली चार-पाच माणसं दिसली, पण फोटोतलं नाक कोणाच्याच तोंडावर नव्हतं. खालच्या मजल्यावर दगडाच्या मूर्तींचा एक लांबच लांब दिवाणखाना आहे. सकाळी तिथे कोणीच नव्हतं. दाराशी स्टुलावर एक राखणदार तेवढा बसला होता, खाकी कपडे, कानावरून मफलर, वर टोपी. मी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. हमरस्त्यावर तीस वर्षं माणसं ओळखली म्हणून मिरवणारी तुझी आत्या ती हीच.

तिथे एक देवी होती. त्रिशूळ, पायाखाली रेडा. तोंड अगदी आपल्या सातेरीच्या देवळातल्यासारखं शांत. मला इतक्या दिवसांत पहिल्यांदा घरचं कोणी भेटल्यासारखं वाटलं. म्हटलं, माणसांना विचारून झालं, आता हिलाच विचारते. बरोबर आणलेल्या तांब्यातलं पाणी बोटाला लावलं, पाकळी भिजवली आणि तिच्या कपाळावर कौलाला लावली. उजवीकडून पडली तर मुलाला सांगायचं, डावीकडून पडली तर नाही. मूर्तीला हात लावू नये अशी पाटी होती, ती मी नंतर वाचली.

आता कौल लावायचा म्हणजे देवीला गाऱ्हाणं घालायला हवं, आणि गाऱ्हाणं मनातल्या मनात घालून चालत नाही. इथे दिल्लीत आपली बोली कोणाला कळणार, म्हणून मी हात जोडून चांगलं मोठ्याने सुरू केलं.

“गे माये, तुजा नाव माका खबर ना, तू खंयची ताय खबर ना. पण हातात त्रिशूळ आसा, म्हणान तुज्या मुखार उबी रवलंय.”

आणि मागून आवाज आला, “व्हय म्हाराजा.”

वर्षा, खोटं नाही सांगत, मला वाटलं देवीच बोलली. पण गाऱ्हाणं एकदा सुरू केलं की मध्ये थांबत नाहीत. आणि गाऱ्हाण्याला ‘व्हय’ म्हणणारं कोणीतरी असतंच, जन्मभर ऐकत आले आहे, त्यामुळे माझ्या जिभेला त्यात काही वावगं वाटलं नाही. ती आपली पुढे चालली.

“सर्वणचा आमचा चेडू, वर्षा नावाचा. गुणाचा आसा, पण बोलताना अडाकता.”

“व्हय म्हाराजा.” हे जरा हळू आलं.

“त्या पार्शाच्या चेड्याक सांगूचा काय लपवूचा, ता तू उजव्या-डाव्यान दाखय. आनी तेच्या मनात काय वायट आसात तर...”

या वेळी ‘व्हय’ आलं नाही. मी मागे वळले. स्टुलावरचा राखणदार उठून उभा होता, टोपी काढून हातात धरलेली, जसे आपले पुरुष गाऱ्हाण्याला उभे राहतात तसा. मफलर खाली सरकला होता. नाक तेच.

मी विचारलं, “तुजा गाव खंयचा रे?”

“पार्से,” तो म्हणाला. छातीवर पितळी पट्टीवर नाव होतं. मी वाचायच्या आधीच त्याने सांगितलं, “मीच तो.”

 त्याने मला आपल्या स्टुलावर बसवलं आणि स्वतः उभा राहिला. मग म्हणाला, “माई, आदी ती पाकळी काडूक व्हयी. सायब फेरयेक येतले.” रुमालाने त्याने हळूच ती टिपली, देवीचं कपाळ पुसलं, आणि मला विचारल्याशिवाय माझ्या हातात दिली. उजवी की डावी ते विचारू नकोस. ती पडलीच नव्हती, काढली.

वर्षा, तो ऑफिसर नाही. तो त्या दिवाणखान्याचा राखणदार आहे. दिवसभर स्टुलावर बसतो, मूर्तींना कोणी हात लावू नये हे पाहतो. तुझ्या आत्याला मात्र त्याने गाऱ्हाणं संपेपर्यंत लावू दिला. मी घाबरले होते, पण तो माझ्याहून जास्त घाबरला होता. म्हणाला, तुम्ही मला बघायला आलात, मी कोण ते पाहिलंत, आता नकार देणार. ऑफिसर हे त्याच्या मामांनी आणि कृष्णनाथने मिळून केलेलं. सर्वणला तुमच्याकडे आल्यावर त्याला ते कळलं, पण मामांसमोर त्याचं तोंड उघडलं नाही. सहा महिने तो हे मनात घेऊन बसला होता.

मी विचारलं, “गाराणा सगळा आयकलंस मां?” तो म्हणाला, “आयकला. पण त्येचा तुमी काय लिवू नकात. माजा मी लिवतंय. धा दीस द्या.” मी शब्द दिला. म्हणून भाजीबद्दल लिहिलं. दुसरं काही लिहायला बसले की हात तिकडेच जात होता.

काल तो घरी आला आणि लिफाफा दिला. अकरा दिवस लागले, त्याबद्दल माफी मागितली. मी तो उघडलेला नाही. वाफेवर धरावासा वाटला होता, पण सेजल बघत होती.

आता फोड.

तुझी,
आत्या


नवी दिल्ली
२६ फेब्रुवारी १९८८

सौजन्यमूर्ती वर्षा यांस,
स. न. वि. वि.

‘सौजन्यमूर्ती’ हे एका पुस्तकात पाहून लिहिलं आहे. चुकलं असेल तर खोडावं. हे पत्र मी सहा वेळा लिहिलं. मला मराठी लिहायची सवय शाळेनंतर राहिली नाही, आणि बोलतो ते लिहावं तर ते कागदावर नीट दिसत नाही.

माझ्याबद्दल तुम्हाला जे सांगण्यात आलं ते खोटं आहे. मी राखणदार आहे. नोकरी कायमची आहे. सरकारी खोली आहे, एक, आणि गॅलरी. फोटोतला कोट इंडिया गेटवरच्या फोटोवाल्याचा आहे. तिथे हिरवळीवर फोटो काढायला येणाऱ्यांना तो कोट देतो. माझ्याआधी एका सरदारजीने घातला होता, म्हणून बाह्या लांब दिसतात. हे मी त्याच दिवशी तुमच्या घरी सांगायला हवं होतं. मामांसमोर मला बोलता आलं नाही. सांगितलं तर तुम्ही हो म्हणणार नाही, असंही वाटलं. तेवढं माझं पाप आहे, मामांचं नाही.

तुमच्या आत्यांना मी भेटलो ते त्यांनी लिहिलंच असेल. मी नोकरी लागल्यापासून त्या दिवाणखान्यात आपल्याकडचं गाऱ्हाणं ऐकलं नव्हतं. तोंडातून ‘व्हय’ कसं गेलं ते कळलं नाही. पुढचं ऐकायला नको होतं, पण गाऱ्हाणं अर्ध्यावर सोडून जाणं बरं नव्हे.

त्यांनी देवीला जे सांगितलं, ते मला आधीपासून माहीत होतं.

तुमच्या घरी आलो होतो तेव्हा मी ओसरीच्या कडेला बसलो होतो. मामा आणि तुमचे वडील बोलत होते. पाववाला पोदेर सायकल घेऊन अंगणात आला. तुम्ही मागच्या दाराने बाहेर गेलात. तुम्हाला त्याला ‘पाच पाव’ सांगायचं होतं. ते यायला वेळ लागला. पोदेर सायकलला टेकून उभा होता. तुम्ही सांगितलंत, त्याने मोजून दिले, तो गेला. मी हे सगळं माझ्या बाजूच्या जनेलातून, खिडकीतून, पाहिलं. मला त्यात काही लपवण्यासारखं दिसलं नाही. मला वाटलं की मामांना ते सांगितलेलं असणार, म्हणून मी विषय काढला नाही. तुम्हाला इतके महिने त्याची भीती वाटत होती, हे मला त्या गाऱ्हाण्यात कळलं, आणि तेव्हापासून मला झोप नीट लागत नाही. मी एक ओळ आधी लिहिली असती तर झालं असतं.

मी होकार दिला तो तुम्हाला पोदेराशी बोलताना पाहून दिला. तुम्ही मान खाली घातली नाही. त्याच्याकडे बघत राहिलात, शब्द येईपर्यंत.

माझं काम दिवसभर गप्प बसण्याचं आहे. मला कशाचीच घाई नसते. पण ऑफिसर नाही, हे खरं आहे. आता तुम्ही नाही म्हटलंत तर मला वाईट वाटेल, पण राग येणार नाही. शिगम्याची रजा मिळाली आहे. तुमची हरकत नसेल तर १३ तारखेला, रविवारी, सर्वणला येईन. मामांना आणणार नाही.

कळावे,
श्रीनाथ मांद्रेकर


सर्वण
१४ मार्च १९८८

ती. आत्यास,
वर्षाचा शिरसाष्टांग नमस्कार, एक नव्हे, दहा.

तुझी तार दुपारी आली. तारवाला अंगणात दिसताच बाबांनी कोण गेलं म्हणून विचारलं आणि वाचायच्या आधीच आंघोळीला पाणी काढायला सांगितलं. मी तार वाचली आणि हसायला लागले, तेव्हा त्यांना माझीच काळजी वाटली. पत्र चार दिवसांनी आलं. तू सांगितलं होतंस तसंच केलं, आधी तुझं वाचलं. मग दुसरा लिफाफा घेऊन परसात नारळाखाली गेले. वाचून झाल्यावर तिथेच बसून राहिले. आत्या, मला रडू आलं नाही. कमरेला बांधलेलं काहीतरी सुटल्यासारखं वाटलं. सहा महिने मी ज्या गोष्टीला घाबरत होते ती आमच्याच अंगणात, पहिल्याच दिवशी होऊन गेली होती, आणि मला पत्ता नव्हता.

बाबांना दोन्ही पत्रं वाचायला दिली.  ऑफिसर गेला याचं त्यांना दुःख झालं, खोटं कशाला सांगू. संध्याकाळी म्हणाले, तुला तोंड उघडू नको म्हणालो ते माझं चुकलं. एवढंच. पण बाबा एवढंही कधी म्हणत नाहीत.

काल ते आले. एकटे, कोट न घालता. कृष्णनाथकाका मात्र न बोलावता आले होते आणि कोपऱ्यात बसून होते. बाबांनी त्यांना एकदा नुसतं पाहिलं. तेव्हापासून ते विडी न पेटवता हातात धरून होते.

चहा झाला. बाबा आणि ते शेतीबद्दल, दिल्लीच्या थंडीबद्दल बोलले. मग बाबांनी मला बाहेर बोलावलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, “तुजा म्हणणा काय आसा, सांग बाय.”

मी सांगायला लागले. पहिलाच शब्द अडकला. तुला माहीत आहे कसा अडकतो तो. बाबांना राहवलं नाही, त्यांनी नेहमीसारखं माझ्या वतीने सुरू केलं, “ती म्हणता की तिका इचार करूक थोडो वेळ...”

मला ते म्हणायचं नव्हतंच. आजवर माझी कितीतरी वाक्यं लोकांनी अशी भलत्याच ठिकाणी नेऊन संपवली आहेत, आणि मी मान हलवून ती आपली मानली आहेत. तूही त्यातलीच, आत्या. तुला राग येऊ नये.

ते बाबांना म्हणाले, “काका, जरा रवा. तां बोलताहा.”

रागाने नाही म्हणाले, आणि माझ्याकडे दयेने पाहिलंही नाही. कप खाली ठेवला आणि थांबले. बाबाही थांबले. मदतीला आलेल्या शेजारच्या काकूंनी आतून भांड्यांचा आवाज बंद केला. मी त्यांच्याकडे बघत राहिले, आणि शब्द यायला जितका वेळ लागायचा तितका लागला. मग मी म्हटलं, “माका ऑफिसर नको होतो.”

पुरं वाक्य, आत्या. माझं मी संपवलं.

ते हसले. बाबांनी डोळे पुसले आणि धूर डोळ्यांत गेला म्हणून कृष्णनाथकाकांवर ओरडले. त्यांची विडी अजून पेटलेलीच नव्हती.

लग्न वैशाखातच आहे. सेजलवहिनीला आणि बाळाला घेऊन तू आधी आठ दिवस ये.

तुझी,
वर्षा